एकट्याच्या घरातले घोळ

रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मामा, मिक्सर जळला." आवाज रडवेला. ती जूनपासून पुण्यात, बाणेरला वन आरके घेऊन एकटी राहते. त्याआधी घर सोडून चार दिवससुद्धा कधी राहिलेली नाही.

"धूर आला? वास येतोय?"

"नाही."

"काय वाटत होतीस?"

"शेंगदाण्याची चटणी."

"आधी प्लग काढ. भांडं उतरव. आता मिक्सर उलटा कर. बुडाला लाल बटण दिसतंय का?"

थोडा वेळ नुसतीच खुडबुड. मग, "अय्या मामा, हे काय आहे?"

मिक्सरवर जास्त ताण आला की मोटर जळू नये म्हणून तो आपण होऊनच बंद पडतो आणि ते बटण बाहेर येतं. मोटर गार होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, भांड्यातला निम्मा ऐवज काढायचा, बटण आत दाबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या दिवशी ती तो मिक्सर दुकानात घेऊन जाणार होती. दुकानदाराने तेच बटण दाबून दोनशे रुपये घेतले असते, आणि माझ्या मते बरोबरच केलं असतं.

त्यानंतर तिचे फोन वाढले. नळ, फ्यूज, तुंबलेलं सिंक, फुटलेली बरणी. शेवटी म्हणाली, "मामा, एकदा लिहूनच काढ ना सगळं." तर हे ते.

मी बँकेत होतो, बदलीची नोकरी. बायको साताऱ्याला शाळेत शिक्षिका. तिची बदली होणार नाही आणि माझी थांबणार नाही, अशा हिशेबात नांदेड, सोलापूर, नागपूर आणि रत्नागिरी मिळून १३ वर्षं मी भाड्याच्या घरांत एकट्याने काढली. त्या काळात मी काय काय फोडलं, तुंबवलं, जाळलं आणि बुडवलं, याची पूर्ण यादी घरी अजून कुणाला माहीत नाही. बायको सध्या मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली आहे, त्यामुळे हे लिहायला बरी वेळ आहे.

चार माणसांच्या घरात पाणी वाहायला लागलं की कुणीतरी ओरडतं, "अरे, आधी नळ बंद कर!" एकट्याच्या घरात ते ओरडणारं कुणी नसतं. माणूस नुसता बघत उभा राहतो. मी राहिलोय. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून 'हे येतंय तरी कुठून' असा विचार करत. म्हणून भाचीकडून पहिली गोष्ट पाठ करून घेतली ती ही : आधी बंद करायचं, मग बघायचं. घरातल्या बहुतेक घोळांना बंद करायची एक जागा असते. पाण्याला कॉक, विजेला मेन स्विच, गॅसला रेग्युलेटर.

नवीन घरात गेलात की सामान लावायच्या आधी या तीन जागा शोधा. घरमालकाला विचारा, पण त्याला माहीत असेलच असं नाही. नांदेडच्या मालकांना स्वतःच्या घराचा कॉक मी दाखवला. फ्लॅटमध्ये बाथरूमचा कॉक बहुधा वर पोटमाळ्याजवळ असतो, किचनचा सिंकखाली, आणि अख्ख्या घराचा गच्चीवर, टाकीतून उतरणाऱ्या पाच-सहा पाइपांच्या गर्दीत. त्यातला आपला कोणता हे पूर येण्याआधी बघायचं असतं. दिवसा वर जा, एकेक कॉक बंद करा, घरातलं पाणी कोणत्या कॉकने थांबतं ते बघा आणि त्याला लाल चिंधी बांधून या. (वरच्या आजींचं पाणी दोन मिनिटं जाईल. त्यांना आधी सांगा. ओळख होण्याचं ते चांगलं निमित्त आहे.) वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षार साठून गच्च बसतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडझाप करत राहा.

पाणी

सोलापूरला आमच्या पेठेत पाणी रोज येत नसे, तीन-चार दिवसांनी पाळी यायची. संध्याकाळी मी नळ उघडला, कोरडा. 'फुस्स' असा आवाज आला, आणि मी कॉफी करायला निघून गेलो. नळ तसाच. पहाटे तीनला पाणी आलं. मी जमिनीवर गादी घालून झोपत असे. पाठ गार लागली म्हणून उठलो तर चपला दाराकडे निघाल्या होत्या.

त्या रात्री मी जे केलं ते उलट्या क्रमाने केलं. आधी गादी उचलायला धावलो, मग कागद, मग नळ. आणि जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड, ज्याला रेडिओ आणि टेबलफॅन लावलेला होता, तो सगळ्यात शेवटी दिसला. आज अंगावर काटा येतो. घरात पाणी साचलं असेल तर पाण्यात पाय घालण्याआधी विजेचा मेन पाडा. मेनपर्यंत जायला पाण्यातूनच जावं लागत असेल आणि बोर्ड पाण्यात असेल, तर जाऊच नका. बाहेर मीटरपाशी पुरवठा बंद करता येतो, शेजाऱ्याला हाक मारा. मग नळ. मग जमिनीवरचं सामान. शेवटी पाणी काढणं, तेही फडक्याने पिळत बसू नका. वायपरने न्हाणीकडे लोटा, आणि उरलेल्यावर एखादी जाड चादर पसरा. सोलापुरात होतो म्हणून सांगतो, जुन्या सोलापुरी चादरीइतकं पाणी दुसरं काही पीत नाही. फक्त ती ओली झाल्यावर उचलायला दोन माणसं लागतात.

तेव्हापासून सवय : नळ कोरडा निघाला तरी हात तिथेच ठेवायचा, बंद करायचा, मगच वळायचं. गावाला जाताना घराचा मुख्य कॉकच बंद.

नळ गळतोय ही मोठी भानगड नाही. जुन्या फिरकीच्या नळात आत एक रबरी चकती असते, तिला प्लंबर वायसर म्हणतात. ती झिजली की टपटप सुरू. आधी कॉक बंद करा, मग नळाचं डोकं पान्याने सैल करा, जुना वायसर हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि 'असा' मागा. माप सांगत बसू नका, चुकतं. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आतला स्पिंडल बदलावा लागतो. तोही तसाच हातात घेऊन जायचा. जोडावर गळत असेल तर टेफ्लॉन टेप. आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ओढून, दहा-बारा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते आणि आपण टेपला शिव्या देतो. आणि हे सगळं रात्री दोनला करायचं नाही. रात्री दोनला नळाच्या तोंडाला सुतळी बांधायची, तिचं टोक बादलीत सोडायचं. पाणी सुतळीवरून गुपचूप उतरतं, आवाज बंद, झोप लागते.

सिंक तुंबलं तर सोडा-व्हिनेगरचे प्रयोग मला फारसे फळलेले नाहीत. फेस छान येतो, पाणी तिथेच. सिंकखाली एक बरणीसारखा फुगीर भाग असतो, बॉटल ट्रॅप. त्याच्याखाली बादली ठेवा (ठेवाच), तो हाताने फिरवून उघडा, आत महिनाभराचा चहाचोथा आणि तेलाचा गोळा भेटेल. धुऊन, रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघून परत लावा. पुढचं पाणी त्याच बादलीत ओतायचं, सिंकमध्ये नाही; सिंकला त्या वेळी बूड नसतं. हे मी दोनदा शिकलो.

बाथरूमच्या जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप. हा शब्द देशभरातल्या प्लंबिंगच्या दुकानांत चालतो आणि तो आपल्या न्हाणीवरून गेलेला आहे, याचा मला उगाच अभिमान आहे. त्यातली वाटी उचलून केस काढायचे आणि वाटी परत ठेवायची. तिथे साचून राहणारं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. दिवाळीची रजा संपवून मी नांदेडला परतलो तर घरात असा वास की उंदीर मेलाय म्हणून मी माळा रिकामा केला. उंदीर नव्हताच. पंधरा दिवसांत ट्रॅपमधलं पाणी वाळलं होतं. एक तांब्या पाणी ओतलं, काम झालं.

वीज

लाइट गेली की आधी जिन्यातला दिवा बघा. तोही गेला असेल तर सगळ्यांची गेली आहे, मेणबत्ती लावा आणि गप्प बसा. फक्त आपलीच गेली असेल तर पेटीत एखादा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) खाली पडलेला दिसेल. कोरडे हात, पायात चप्पल, आणि एकदाच वर करा. लगेच पुन्हा पडला तर जबरदस्ती नको. तो भांडत नाहीये, काहीतरी सांगतोय. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, मग एमसीबी वर करा. टिकला तर एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडेल ती चोर. माझ्याकडे बहुतेक वेळा इस्त्री निघाली, एकदा पाण्यात बुडवून तापवायचा रॉड. सगळं काढूनही टिकला नाही तर दोष वायरिंगचा, तिथे आपलं शहाणपण संपतं आणि इलेक्ट्रिशियन सुरू होतो.

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि खिडकीत पत्र्याचा कूलर नसेल तर माणूस जगत नाही. मी दुपारी बँकेतून जेवायला घरी आलो, कूलर चालूच, टाकीत पाणी घालायला घेतलं. अनवाणी, फरशी ओली. कूलरच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. जोराचा धक्का नव्हता. तेच वाईट, 'मुंग्या आल्या असतील' म्हणून मी आठवडाभर तसाच पाणी भरत राहिलो. पुढे मिस्त्री आला, त्याने प्लग उघडून दाखवला : हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली. तीन पिनांचा प्लग, पण अर्थिंगची पिन शोभेला. कूलरचा पंप पाण्यात बसलेला असतो, त्याचं इन्सुलेशन गेलं की सगळा पत्रा आणि पाणी जिवंत. विदर्भात दर उन्हाळ्यात यात माणसं जातात, आणि घरात दुसरं कुणी नसेल तर प्लग ओढणारंही कुणी नसतं.

म्हणून कूलर असो, गिझर असो, वॉशिंग मशीन असो : हात लावून मुंग्या जाणवल्या की त्याच क्षणी स्विच बंद, प्लग बाहेर, आणि दुरुस्त होईपर्यंत वापर बंद. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. आणि घर भाड्याने घेताना पेटीत आरसीसीबी आहे का ते विचारा, जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात साधारण ३० मिलिअँपियरचा बसवतात; तेवढा प्रवाह भलतीकडे गळला की तो पुरवठा तोडतो. त्यावर 'टेस्ट' असं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर सगळी लाइट गेली पाहिजे. गेली नाही तर तो नुसता डबा आहे.

पंखा हळू फिरायला लागला तर कंडेन्सर. स्वस्तातली गोष्ट आहे, पण स्टुलावर चढून स्वतः बदलू नका. एकट्या माणसाने स्टुलावर चढायची कामं जमतील तेवढी दुसऱ्यावर ढकलावीत.

गॅस आणि ओटा

गॅसचा वास आला तर रेग्युलेटरची कळ बंद. दिव्याचं बटण ना चालू करायचं, ना बंद. ठिणगी दोन्हीकडे पडते. देवापुढचं निरांजन, उदबत्ती विझवा. दारं-खिडक्या उघडा, त्यातही दार आधी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. जमलं तर रेग्युलेटर काढून सिलेंडरला दोरीने बांधलेलं प्लास्टिकचं बूच वर बसवा, बाहेर पडा आणि फोन बाहेर जाऊन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर देशभर एकच आहे. आग दिसली तर ११२. वास गेल्यावर जोड तपासायचा तो साबणाचा फेस लावून. फुगे आले तर गळती. काडी ओढून तपासणारे एक गृहस्थ मी पाहिलेत. त्यांच्या भुवया परत आल्या, पण वर्षाने.

सिलेंडर दारात घेतानाच आणणाऱ्याला तो तपासून द्यायला सांगा. वॉल्व्हच्या आत काळी रबरी रिंग आहे ना तेही बघा. वरच्या उभ्या पट्टीवर आतून 'ए-२७' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने, बी पुढचे तीन, असं डीपर्यंत, आणि आकडा वर्षाचा; ती सिलेंडरच्या तपासणीची मुदत. मुदत उलटून गेली असेल तर परत पाठवा. नारिंगी नळीवरही तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलायची. आणि सिलेंडर किती उरलाय हे हलवून कळत नाही. ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथपर्यंत गॅस आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो.

दूध उतू गेलं तर ओटा नंतर पुसा. आधी बर्नर बघा : ज्योत विझून गॅस तसाच चालू असतो बऱ्याचदा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद, वर ताट किंवा झाकण, आणि कढई हलवायची नाही. पाणी तर नाहीच नाही.

भाजलं तर वाहत्या नळाखाली २० मिनिटं. घड्याळ लावून. दोन मिनिटांत बरं वाटतं आणि आपण हात काढतो, तिथे चुकतं. अंगठी, बांगडी सूज यायच्या आधी काढा. बर्फ नको, हळद नको, लहानपणी लावायचो ती निळी शाई तर नकोच. नांदेडला कुकरच्या वाफेने माझं मनगट भाजलं आणि मी टूथपेस्ट थापली. डॉक्टरांनी आधी ती खरवडून काढली, आणि ते भाजण्यापेक्षा जास्त दुखलं. तळहाताएवढं भाजलं असेल, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर, तर घरी प्रयोग न करता दवाखाना.

काच फुटली की जागचं हलू नका, चप्पल कुठे आहे ते बघा. मोठे तुकडे हाताने, मग झाडू, मग खोलीचा दिवा मालवून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. राहिलेले कण चमकतात. ते कणकेच्या गोळ्याने टिपून घ्या. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. कचरा नेणाऱ्या बाई हात घालून वेगळा करतात.

दार

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा त्या जुलैत माझ्या न्हाणीघराच्या दाराने पिऊन घेतला होता. रविवार, सकाळचे सात. गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आच बारीक केली, आणि उकळेपर्यंत दोन तांबे अंगावर घेऊन येऊ म्हणून आत गेलो. घरात चिटपाखरू नाही, तरी सवयीने कडी लावली.

अंघोळ झाल्यावर कडी सरकवली. सरकली. दार हललं नाही. ते आत उघडणारं होतं आणि आतून धरायला मूठ नव्हती, होती ती ॲल्युमिनियमची कडीच. तिला धरून जोर लावला तर ती चार स्क्रूंसकट हातात आली. भिजलेल्या लाकडात स्क्रू धरून धरून किती धरणार. आता माझ्याकडे एक सुटी कडी, पंचा, बादली, तांब्या आणि साबण. मोबाइल बाहेर टेबलावर. घरमालकांचं कुटुंब चिपळूणला बारशाला गेलेलं. झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या सरकवून काढल्या आणि हाका मारल्या. बाहेर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझा आवाज मलाच ऐकू येईना. शिवाय 'वाचवा' ओरडायची लाज वाटते हो. पहिली दहा मिनिटं मी 'अहो, कुणी आहे का?' असंच विचारत होतो.

मग दाराखालून वास यायला लागला. आधी साखर करपल्याचा, मग पावडर. पातेलं कोरडं पडलं होतं आणि खाली गॅस चालू.

घाबरलो तेव्हा धक्के मारले, आणि आत उघडणाऱ्या दाराला आतून धक्के मारले की ते आणखी घट्ट बसतं, हे खांदा दुखल्यावर लक्षात आलं. शेवटी बसून दार नीट बघितलं. वरचा भाग दाबला की किंचित हलत होता. अडकला होता फक्त खालचा एक कोपरा. तिथे फटीतून कोरडा साबण घासला. बादलीची तारेची दांडी ओढून काढली, एक टोक तांब्याने ठोकून आकड्यासारखं वाकवलं, दाराखालून पलीकडे सारलं, बरोबर त्या कोपऱ्याशी आणलं, तारेला पंचा गुंडाळला आणि भिंतीला पाय लावून ओढलं. तिसऱ्या हिसक्याला दार सुटलं आणि मी मागे बादलीत बसलो. सव्वा तास झाला होता. पातेल्याचं बूड काळंनिळं होऊन एका बाजूने वाकलं होतं. ते मी अजून ठेवलंय. बायकोला वाटतं बोहारणीला दिलं.

तर, एकटे असाल तेव्हा बाथरूमची कडी लावूच नका. बाहेरचं दार बंद असतं, तेवढं पुरे. दाराला आतून धरायला मूठ हवी, तिचे स्क्रू लांब हवेत. सुताराला बोलवायचं ते मे महिन्यात, पावसाला वेळ असताना. रंधा मारून फट ठेवायला सांगायचं. आधीच अडकायला लागलं असेल तर कडांना मेणबत्ती घासा. मोबाइल आत न्यायचा, उंच फळीवर ठेवायचा; आत एक स्क्रू-ड्रायव्हरही असू द्या, कारण बिजागऱ्या आतून असतील तर तोच कामाला येतो. आणि अंघोळीला जाताना गॅस बंद. चहा नंतरही होतो.

निवृत्तीनंतर आणखी एक केलंय. नागपूरचा एक जुना सहकारी, तोही एकटाच, रोज सकाळी साडेसातला मी त्याला 'उठलो' असा मेसेज टाकतो आणि तो मला 'बरं' म्हणतो. दोन्हीपैकी काही आलं नाही तर आठला फोन, उचलला नाही तर शेजाऱ्यांना फोन. शेजाऱ्यांचे नंबर एकमेकांकडे आहेत. पाय घसरून पडलेल्या माणसाला फोनपर्यंत पोचता येईलच असं नसतं.

राहिलं बाहेर अडकणं. वाऱ्याने दार लागतं, लॅच पडतो, आपण पेपर हातात धरून जिन्यात. चावीवाला मिळतो, पण कुलूप उघडायचे किती आणि तोडायचे किती हे आधी ठरवून घ्या. शेजारच्या गॅलरीतून आपल्या गॅलरीत उडी मारायचा विचार मनात येतो, तिसऱ्या मजल्यावरसुद्धा येतो. येऊ द्या, जाऊ द्या. उपाय म्हणजे जादा चावी. पायपुसण्याखाली नाही, कुंडीखाली नाही, मीटरच्या पेटीतही नाही. चोराला या जागा आपल्याआधी ठाऊक असतात. दिवसभर घरी असणारं माणूस बघा आणि त्यांना द्या. नांदेडला माझी चावी समोरच्या किराणावाल्याच्या गल्ल्यात असे, सकाळी सहा ते रात्री दहा. त्याच्याइतकं चांगलं ठिकाण मला पुढे कुठेच मिळालं नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉचमन, शेजारी यांचे नंबर कागदावर लिहून एक प्रत कपाटाच्या आत आणि एक पाकिटात. जिन्यात अडकतो तेव्हा मोबाइल घरातच असतो.

साताऱ्यात माझी चावी शेजारच्या काकांकडे असते, त्यांची माझ्याकडे. चोख व्यवस्था, दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात काका-काकू काशीयात्रेला गेले, एक महिन्यासाठी. त्यांना स्टेशनवर सोडून रिक्षाने परत येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आता माझी जादा चावी त्यांच्या बंद घरात आहे, आणि त्यांच्या घराची चावी माझ्या घरात. उतरलो आणि घरात न शिरता तडक चावीवाल्याकडे गेलो. तिसरी चावी आता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे आहे. माझे दोन शर्टही त्याच्याकडेच आहेत, त्यामुळे तो विसरणार नाही.